लग्नाच्या करारातले अकरावे कलम

मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असते. पोर्तुगालच्या राजघराण्यातली कॅथरीन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली आणि तिच्याबरोबर वीस लाख क्रुझादो रोख, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे टँजिअर आणि आपली मुंबई दिली. आंदणाची ही यादी सगळ्यांना ठाऊक असते. त्या आंदणाबरोबर मुलीकडच्यांनी एक अट घातली होती, ती मात्र सहसा कुणी सांगत नाही.

हा विवाहाचा तह २३ जून १६६१ रोजी झाला. त्याच्या अकराव्या कलमात मुंबईचे बेट आणि बंदर चार्ल्सला लिहून दिले आहे. त्याच कलमाच्या पोटात असे म्हटले आहे की, बेटावरचे रहिवासी यापुढे इंग्लंडच्या राजाची प्रजा होतील. पण त्यांना तिथेच राहता येईल आणि आपला रोमन कॅथलिक धर्म आज जसा पाळतात तसाच मोकळेपणाने पाळता येईल.

ही अट किती नवलाची होती ते कळायला त्या काळचे इंग्लंड डोळ्यांपुढे आणले पाहिजे. परदेशात दीक्षा घेतलेला इंग्रज कॅथलिक पाद्री इंग्लंडात नुसता सापडला तरी तो राजद्रोही ठरत असे. एलिझाबेथ राणीच्या वेळचा तो १५८५ चा कायदा अजून पुस्तकात होता. १६७८ मध्ये टायटस ओट्स नावाच्या एका लबाड माणसाने कॅथलिकांनी राजाला मारण्याचा कट केला आहे अशी कंडी पिकवली, त्यापायी निरपराध माणसे फासावर गेली, आणि खुद्द राणी कॅथरीनवर नवऱ्याला विष घालण्याचा आरोप आला. ज्या बाईच्या लग्नामुळे मुंबईच्या कोळीवाड्यातल्या किरिस्तावाला मिसा ऐकण्याचा हक्क तहाने मिळाला, तिच्यावरच तिच्या सासरी तिच्या धर्मापायी ही पाळी आली!

आता वडवणीत बसून मी या कलमाच्या मागे का लागलो, असे कुणी विचारील. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कंपनी सरकारचा कायदा आमच्या गावाला कधी लागलाच नाही. पण राजाचा धर्म एक आणि रयतेचा दुसरा, ही स्थिती आमच्या वडीलधाऱ्यांनी अंगावर काढलेली आहे. ‘तुमचा धर्म तुम्ही खुशाल पाळा’ असे वरून सांगितले जाते तेव्हा पुढे काय काय होते, याचा अनुभव मराठवाड्याला आहे. त्या अनुभवाने मुंबईचा तो जुना कागद मला वेगळाच दिसू लागला.

कलम लिहिणे सोपे, ताबा मिळणे कठीण. सप्टेंबर १६६२ मध्ये इंग्रजी जहाजे मुंबईच्या बंदरात येऊन थांबली, तर पोर्तुगीज व्हाइसरॉय आंतोनियो द मेलो द काश्त्रो बेट सोडायला तयार होईना. इंग्रजांचा सेनापती अब्राहम शिपमन सुमारे चारशे शिपाई घेऊन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट पाहत बसला आणि एप्रिल १६६४ मध्ये तिथेच वारला. तापाने आणि उपासाने शिपायांतले शंभरएक उरले. अखेर त्याचा चिटणीस हंफ्री कुक याने जानेवारी १६६५ मध्ये गोव्यात व्हाइसरॉयशी करार केला आणि १८ फेब्रुवारीला मुंबई ताब्यात घेतली. इंग्रज ज्या दिवशी मुंबईत ठाण मांडतील त्याच दिवशी हिंदुस्थान आपल्या हातून गेला असे समजावे, असे त्या व्हाइसरॉयने आपल्या राजाला कळवले होते. माणूस हट्टी खरा, पण त्याची नजर लांबची होती.

ताबा देण्याचा सोहळा दोना इग्नेझ द मिरांदा या विधवा जमीनदारणीच्या वाड्यात झाला. या वाड्याची मूळ उभारणी गार्सिया द ऑर्ता याची मानतात. हा वैद्य मोठा विद्वान. हिंदुस्थानी औषधींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. तो मूळचा ज्यू घराण्यातला. तो मेल्यावर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. तेव्हा त्या वाड्यात कॅथलिकांच्या धर्मस्वातंत्र्याचा कागद वाचला गेला, त्या वेळी भिंतींना काय वाटले असेल, असा विचार मनात येतोच. स्वतःसाठी मोकळीक मागणाऱ्या पोर्तुगिजांनी आपल्या मुलखात इतरांना ती दिली नव्हती. कुकशी झालेल्या करारात तर पोर्तुगीज गावांतून पळून येणाऱ्या कुणबी-भंडाऱ्यांना मुंबईत आसरा देऊ नये, असेही एक कलम होते. म्हणजे बेटावर राहील त्याला धर्माची मोकळीक, आणि मोकळीक शोधत जो येईल त्याला धरून परत धन्याच्या हवाली करायचे!

१६६८ मध्ये राजाने ही मुंबई वर्षाला दहा पौंड सोन्याच्या खंडणीवर कंपनीला देऊन टाकली. कंपनी व्यापारी. तिला माणसे हवी होती, आणि माणसे कशाने येतात हे गव्हर्नर जेरल्ड ऑंजिअरने बरोबर हेरले. दीवच्या नीमा पारेख या वाण्याशी १६७७ मध्ये कंपनीने जो करार केला तो वाचण्यासारखा आहे. त्याने व त्याच्या माणसांनी आपल्या घरात आपला धर्म बिनघोर पाळावा. त्यांच्या आवारात कुणी इंग्रज, पोर्तुगीज, इतर ख्रिस्ती वा मुसलमान राहणार नाही, आणि तिथे कुणी जीवहत्या करणार नाही! लग्नाच्या तहात हिंदूंचे नावही नव्हते. ते नाव पेढीने घातले. इंग्रजांच्या धर्मविषयक उदारपणाची मुळे मी तरी या रोकडवहीत शोधतो.

मात्र कॅथलिकांच्या बाबतीत कंपनीचे मन कधीच स्वच्छ नव्हते. कारण सरळ होते. खाडीपलीकडे वांद्रे, साष्टी, ठाणे, वसई हा सगळा मुलूख पोर्तुगिजांचा होता. मुंबईतल्या चर्चांत प्रवचन करणारे फ्रान्सिस्कन पाद्री गोव्याच्या आर्चबिशपच्या हाताखालचे, आणि आर्चबिशपला नेमणार पोर्तुगालचा राजा. पोपने पूर्वी पोर्तुगीज राजाला पूर्वेकडच्या चर्चांचा आश्रयदाता नेमले होते. या हक्काला ‘पाद्रोआदो’ म्हणत. तेव्हा मुंबईतला कॅथलिक रयत झाला इंग्रजांचा, पण दर रविवारी त्याच्या कानाशी बोलणारा माणूस दुसऱ्या राजाचा. शिवाय जमिनीचा तंटा होताच. जुन्या पोर्तुगीज जमीनदारांच्या वतनांवर कंपनीने हात टाकला होता. ऑंजिअरने १६७२ मध्ये तडजोड ठरवली आणि १६७४ मध्ये ती पक्की झाली: सर्वांनी मिळून वर्षाला वीस हजार शेराफीन भरावेत आणि जमिनी आपल्याकडे ठेवाव्यात. त्याने तंटा विझला नाही, राखेखाली गेला. १६८९-९० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने मुंबईत घुसून धुमाकूळ घातला, तेव्हा वांद्र्याच्या जेझुइटांनी त्याला मदत केल्याचा ठपका ठेवून कंपनीने त्यांच्या मुंबईतल्या जमिनी जप्त केल्या.

मग आले १७२० साल. गव्हर्नर चार्ल्स बून याने पोर्तुगीज पाद्र्यांना बेटाबाहेर काढले आणि त्यांच्या जागी मॉरिस ऑफ सेंट तेरेसा या कार्मेलाइट बिशपला आणले. हा बिशप थेट रोमच्या ‘प्रोपागांडा’ या खात्याचा. धर्मप्रसारासाठी ते खाते पोपने १६२२ मध्ये काढले होते. कंपनीचा युक्तिवाद वकिली होता. तहात धर्म पाळण्याची मोकळीक आहे, ती आम्ही मोडली कुठे? चर्चे उघडी आहेत, मिसा चालू आहे, पाद्रीही कॅथलिकच आहे. फक्त तो कोण असावा हे आम्ही ठरवले.

कलमाची सगळी गोम इथे आहे. ‘आज जसा पाळतात तसाच’ या शब्दांत कोण पाद्री, कुणाच्या हुकमाने, कुणाच्या जमिनीच्या उत्पन्नावर, हे सारे येते की नाही? रहिवासी म्हणत, येते. कंपनी म्हणे, नाही. आणि कलमाचा अर्थ लावणारी कचेरी तर कंपनीचीच.

पुढच्या दोनशे वर्षांत मुंबईच्या कॅथलिकांची जी ओढाताण झाली, ती ऐकून हसावे की रडावे कळत नाही. १७८९ मध्ये चर्चे पुन्हा गोव्याच्या आर्चबिशपकडे दिली. १७९१ मध्ये ती काढून कार्मेलाइटांना परत दिली. १७९४ मध्ये सरळ वाटणी केली: माझगावचे ग्लोरिया आणि दादरचे साल्व्हेशन गोव्याकडे, तर एस्पेरांसा आणि माहीमचे सेंट मायकेल रोमच्या बिशपकडे. वडिलार्जित शेताचे चार तुकडे करून भावांत वाटावे, तसे. एकाच गल्लीतली दोन घरे दोन बिशपांची झाली. १८५३ मध्ये माहीमचे सेंट मायकेल गोव्याच्या पक्षाला मिळू नये म्हणून बिशप हार्टमन स्वतः चर्चमध्ये दार लावून बसले आणि बाहेरून दुसऱ्या पक्षाच्या लोकांनी वेढा घातला. शेवटी सरकारी अंमलदार मध्ये पडले आणि चर्च गोव्याच्या पक्षाकडे गेले. बुधवारी नोव्हेनाला सर्व जातिधर्मांची माणसे ज्या चर्चपुढे रांग लावतात तेच हे माहीमचे चर्च. दोन बिशपांची ही दुहेरी सत्ता संपायला १९२८ साल उजाडले.

आता जरा खाडीपलीकडे जाऊ. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पाने वसई घेतली. त्या मोहिमेत मराठ्यांचे इतके रक्त सांडले होते की सूड उगवला असता तरी त्या काळच्या रीतीत कुणी फारसे नाव ठेवले नसते. पण शरणागतीच्या अटी सभ्य होत्या. सैन्याला शस्त्रांसह मानाने जाऊ दिले, आणि मागे राहतील त्या ख्रिस्त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली. मराठ्यांचे राज्य आले म्हणजे तिथे रामराज्य आले, असे मात्र मी म्हणणार नाही. चर्चांची वतने गेली, पुष्कळ चर्चे ओस पडून ढासळली, आणि वसईच्या स्वारीतली घंटा भीमाशंकरच्या देवळापुढे आजही टांगलेली आहे. तरीही वसईच्या वाडीतला शेतकरी ख्रिस्तीच राहिला, आणि बोलत राहिला ती मराठीचीच एक बोली.

डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेऊन साष्टी बळकावली. ते साल ध्यानात ठेवावे, कारण त्याच वर्षी जगाच्या दुसऱ्या टोकाला याच प्रश्नावर मोठा भडका उडत होता.

उत्तर अमेरिकेतला क्यूबेक हा फ्रेंचांचा प्रांत इंग्रजांनी लढाईत जिंकला आणि १७६३ च्या पॅरिसच्या तहाने तो पदरात घेतला. तिथे सुमारे सत्तर हजार फ्रेंच कॅथलिक होते आणि नव्याने आलेले इंग्रज अगदी मूठभर. या तहातही कॅथलिकांना धर्माची मोकळीक दिली होती, पण तिला शेपूट जोडले होते: ग्रेट ब्रिटनचे कायदे जितकी परवानगी देतील तितकीच. ब्रिटनचे कायदे काय परवानगी देत होते ते वर सांगितलेच आहे. मुंबईच्या कलमाला हे शेपूट नव्हते. मुंबईकडून राजवाड्यातली मुलगी बोलत होती, क्यूबेककडून हरलेले सैन्य. पण तिथला गव्हर्नर गाय कार्लटन शहाणा होता. मूठभर इंग्रज व्यापाऱ्यांसाठी सत्तर हजारांना दुखवून प्रांत टिकणार नाही, हे त्याने ओळखले आणि त्याच्या खटपटीने २२ जून १७७४ रोजी क्यूबेकचा कायदा मंजूर झाला. कॅथलिकांना पोपविरोधी शपथ न घेता सरकारी जागा मिळू लागल्या. पाद्र्यांना पिकाचा ठरलेला हिस्सा कायद्याने वसूल करता येऊ लागला. दिवाणी दाव्यांना जुना फ्रेंच कायदा, फौजदारीला इंग्रजी. आणि निवडलेले विधिमंडळ मात्र नाही. त्यातच प्रांताची हद्द दक्षिणेला ओहायो नदीपर्यंत वाढवली.

झाले! इंग्रज वसाहतवाल्यांचे पित्त खवळले. मॉन्ट्रिऑलमध्ये १ मे १७७५ रोजी, कायदा अमलात आला त्याच दिवशी, राजाच्या पुतळ्याच्या तोंडाला काळे फासून गळ्यात बटाट्यांची जपमाळ घातलेली आढळली. सोबत हा पाहा कॅनडाचा पोप, अशा आशयाची पाटी. खाली अमेरिकन वसाहतींत तर याला असह्य कायद्यांच्या मालिकेत बसवले गेले. त्यांच्या काँग्रेसने ऑक्टोबर १७७४ मध्ये ब्रिटिश जनतेला आवाहन धाडले. त्यात रक्तपात, धर्मवेड आणि बंडाळी पसरवणाऱ्या धर्माला पार्लमेंटने आश्रय दिला म्हणून कडक निषेध होता. आणि त्याच काँग्रेसने त्याच आठवड्यात क्यूबेकच्या कॅथलिकांना गोड पत्र लिहिले की बंधूंनो, या, आपण एकत्र होऊ. मनुष्यस्वभाव सगळीकडे सारखाच.

मला वाटते, या वसाहतवाल्यांच्या रागात पोप थोडा आणि ओहायोची जमीन फार होती. व्हर्जिनियाच्या जमीनदारांचा डोळा होता ती भूमी एका रेघेने क्यूबेकात गेली. मुंबईच्या इंग्रजांनी कॅथलिकांच्या नावाने असला गिल्ला कधी केला नाही, कारण मुंबईत त्यांना शेते नको होती. त्यांनीही बंड केले, नाही असे नाही. डिसेंबर १६८३ मध्ये कॅप्टन रिचर्ड केग्विनने कंपनीच्या डेप्युटी गव्हर्नरला कैद करून जवळजवळ वर्षभर मुंबई राजाच्या नावाने चालवली, आपल्या संभाजी महाराजांशी बोलणीही केली. पण त्याची तक्रार पगाराची आणि कंपनीच्या चिक्कूपणाची होती. धर्माचा ध्वज उंच फडकतो तेव्हा काठी बहुधा जमिनीतच रोवलेली असते.

गंमत म्हणजे क्यूबेकचा शेतकरीही त्या कायद्यावर फार खूश नव्हता. पाद्र्याचा हिस्सा आता कायद्याने द्यावा लागणार होता ना! पुढे अमेरिकन सैन्य क्यूबेकवर चालून आले, तेव्हा पुष्कळ शेतकरी स्वस्थ बसून राहिले. मिळाली ती सवलत पाद्र्यांना आणि जमीनदारांना. जिला ‘समाजाचे हक्क’ म्हणतात त्यातला किती वाटा समाजातल्या साध्या माणसाच्या घरी पोचतो, हा प्रश्न मुंबईलाही विचारता येतो. १७२० मध्ये बेटावरच्या भाविकांना कोणते पाद्री हवे आहेत, हे विचारल्यावाचूनच पाद्री बदलले होते. आणि हो, १७७४ चीच आणखी एक गोष्ट: गार्सियाची हाडे जाळणारे गोव्याचे इन्क्विझिशन पोर्तुगाल सरकारने त्याच साली बंद केले. चार वर्षांनी ते पुन्हा सुरू झाले आणि कायमचे मिटले १८१२ मध्ये.

साष्टी-वसईच्या या जुन्या कॅथलिकांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी, आपल्याला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवून घेतले. गोवा आणि मंगळूरकडून आलेले कॅथलिक नोकऱ्यांत पुढे जात होते. ‘कंपनीची सर्वांत जुनी प्रजा आम्ही’ हे सांगण्यासाठी कंपनीचेच नाव घेतले. ज्या कंपनीने त्यांचे पाद्री हाकलले तिचेच नाव! पण पोटाचा प्रश्न आला की मागचे हिशेब बाजूला राहतात.

आमच्या निजामी मुलखातही याच वळणाची भाषा होती. मंदिरे आहेत, पूजा चालू आहे, मग तक्रार कसली? तक्रार अशी की नवे देऊळ बांधायला, जुन्याची डागडुजी करायला, मिरवणूक काढायला परवानगी हवी. आर्य समाजाच्या बाहेरच्या प्रचारकांना राज्यात येण्याची बंदी. आणि सभा घ्यायची तर ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ आडवे. धर्म तुमचा, उपदेशक मात्र आमच्या मर्जीचा. बूनसाहेबाचा १७२० चा युक्तिवाद इथे उर्दूत ऐकू येत होता. १९३८-३९ च्या आर्य सत्याग्रहात हजारो माणसे तुरुंगात गेली ती याचसाठी. पुढे १९५० मध्ये राज्यघटना आली. तिच्या पंचविसाव्या कलमात धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य आहे; पण माझी नजर सव्विसाव्यावर जास्त ठरते. आपल्या धर्माच्या बाबतीतला कारभार आपण पाहणे, संस्था चालवणे, जमीनजुमला बाळगणे, हे त्यात स्वतंत्रपणे लिहिले आहे. १६६१ च्या कागदात जी जागा कोरी राहिली होती, ती इथे भरलेली दिसते.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ‘सुबोध बायबल’ मराठीत आणणारे. ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून आधी काही जणांनी विरोध केला होता. तरी ते आले, पाठीच्या दुखण्याने हैराण असताना आले. पूर्वीच्या निजामी मुलखातल्या त्या मांडवात ते बोलायला लागले तेव्हा त्यांची मराठी स्वच्छ, ठसठशीत आणि थोडी समुद्रकाठची होती. आणि समोर बसलेल्या आमच्या बालाघाटातल्या माणसांना त्यातला एकही शब्द अडला नाही.